मृगापूर्वीची डागडुजी

सेवाग्रामचा इतिहास सांगू लागले की बहुतेक वक्ते १९३६ च्या ३० एप्रिलपासून आरंभ करतात. त्या दिवशी गांधीजी वर्ध्याहून शेगावास आले. पुढे १९४० साली गावाचे नाव बदलून सेवाग्राम झाले, कारण रेल्वेच्या वाटेवर दुसरे एक शेगाव होते आणि टपाल भलतीकडेच जाई. येथवर सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र त्या तारखेत आणखी एक गोष्ट दिसते. ३० एप्रिल म्हणजे मृग लागावयास जेमतेम सव्वा महिना. वर्धा जिल्ह्यातल्या कवेलूच्या घराचा धनी या सव्वा महिन्यात एकाच चिंतेत असतो : घर फेरावयाचे राहिले आहे.

घर फेरणे म्हणजे छपरावरचे कवेलू उतरवून, फुटके बाजूस काढून, खालच्या काड्या व कामट्या पाहून पुन्हा रांगेने बसविणे. वर्षभरात माकडे उड्या मारतात, मांजरे पळतात, वावटळ येते, आणि एखादा कवेलू बोटभर सरकतो. तो बोटभर सरकलेला कवेलू उन्हाळ्यात कोणास दिसत नाही. आषाढाच्या झडीत, रात्री दोन वाजता, अंथरुणावर तो आपली हकीकत सांगतो.

ज्या व्याख्यानमालेत राजे, संत आणि ग्रंथ यांवर बोलले जाते, तेथे छप्पर, मोरी आणि नळ हा विषय आणण्याचे धाडस आम्ही करीत आहो. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली, नळजोडणी करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली काही वर्षे गेली, आणि मग पाणीपुरवठा व सफाई या खात्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात उरलेले आयुष्य गेले. वाचन झाले ते रात्री, संघाच्या कचेरीत. त्या वाचनात एक गोष्ट सतत खटकत आली. विहीर कोणी बांधली हे शिलालेखात असते. तिचा गाळ दरसाल कोणी काढला, हे कोठेच नसते. बांधणाराला सन असतो, राखणाराला फक्त ऋतू असतो.

घराचे पाण्याशी दोन व्यवहार असतात. एक पाणी आत येते, दुसरे बाहेर जाते. जुन्या घरात आत येणारे पाणी विहिरीचे. वैशाखात विहीर तळास गेली की ती उपसून गाळ काढावयाचा, खचलेले दगड बसवावयाचे, आणि पहिल्या पावसानंतर तिच्यात लाल औषध, पुढच्या काळात ब्लीचिंग पावडर, टाकावयाची. बाहेर जाणारे पाणी मोरीचे : ते परसात केळीच्या किंवा अळूच्या बुडाशी सोडलेले असे, आणि तो चर मृगापूर्वी मोकळा करावा लागे. शिवाय तिसरे पाणी आकाशातले, जे घरात येऊ नये म्हणूनच सारा खटाटोप. त्यासाठी छप्पर फेरावयाचे, वळचणीखालची पन्हळ झाडावयाची, आणि मातीच्या भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधावयाच्या, की पावसाचा मारा भिंतीवर थेट बसू नये. आश्रमातल्या कुट्यांना आजही पावसाळ्यापूर्वी अशा झांज्या बांधतात. पाहावयास येणारी मंडळी त्यांस शोभा समजून छायाचित्रे घेतात. वस्तुतः ती भिंतीची घोंगडी आहे.

आमच्या भागात या ऋतूला एक खास कारण आहे, आणि ते जमिनीत आहे. येथील काळी कापूसजमीन पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग मृगाच्या सरी येताच तीच जमीन पुन्हा फुगून वर उठते. या ओढाताणीत पाया हलतो, मोरीच्या विटा सुटतात, आणि जमिनीखालच्या नळाचे सांधे ढिले होतात. विलायतेतील पुस्तकांत घराच्या नळांची निगा हिवाळ्यापूर्वी करावी असे लिहिलेले असते. तिकडे नळातले पाणी गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि लोखंडी नळसुद्धा फोडते. आमच्याकडे पाणी गोठत नाही, जमीन फाटते. म्हणून तिकडच्या घरधन्याचा जो ऑक्टोबर तोच आमच्या घरधन्याचा वैशाख.

आता सेवाग्रामकडे वळू. येथील कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या. साहित्य आसपासचे, हात गावातले. या साधेपणाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु अशा घराची एक अट असते, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मातीचे घर एकदा बांधून सुटका होत नाही. दरसाल ते आपल्या धन्याचे हात मागते. जो धनी दोन पावसाळे आळसला त्याची भिंत तिसऱ्या पावसाळ्यात बसते. गांधीजींनी हे जाणूनच अशी घरे निवडली की काय, ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु आश्रमाच्या दिनक्रमात सफाई हे प्रार्थना आणि सूत यांच्या बरोबरीचे काम होते, संडास साफ करणे हे आश्रमीयांचे स्वतःचे काम होते, आणि बापूकुटीची न्हाणी व संडास बैठकीच्या खोलीइतकीच निगुतीने राखलेली असत. त्या कामाला निराळा माणूस नव्हता, हे महत्त्वाचे.

हे सारे सुखासुखी झाले असेही नव्हे. शेगावात तेव्हा धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखलाचे राज्य असे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस खुद्द गांधीजींना हिवतापाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या इस्पितळात हलवावे लागले. साचलेले पाणी महात्मा आणि मजूर असा भेद करीत नाही.

त्याआधी, १९३५ च्या सुमारास, गांधीजी वर्ध्यात मगनवाडीस राहत असता त्यांचे सहकारी शेजारच्या सिंदी गावात बादल्या घेऊन जात व उघड्यावरचा मैला उचलीत. महादेवभाई देसाई त्यांत होते. पुढे मीराबेन त्या गावी राहावयास गेल्या. गावकरी पाहत राहत आणि आपले रोजचे रिवाज चालू ठेवीत. पुढे १९४६ पासून विनोबा पवनारहून सुरगावास खांद्यावर फावडे टाकून रोज चालत जाऊ लागले, ते १९४८ च्या सुमारापर्यंत. तेथेही हेच काम. एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला. विनोबांनी पलीकडच्या माणसास हाक मारून सांगितले की, देवळातल्या देवाला निरोप दे, गावचा भंगी आला होता पण पुरामुळे परत गेला. ही हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. आम्हांस तीत भक्तीपेक्षा हजेरीची शिस्त अधिक दिसते; संघटनेच्या माणसाला दुसरे काय दिसणार! कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम आपल्याला मिळावे म्हणून झगडा केला आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या सोप्या संडासाचे प्रयोग केले. येथे सेवाग्रामी नई तालीमच्या शाळेतही सफाई हा शिक्षणाचाच भाग होता.

परंतु इतिहास सांगावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती आमच्या संघटनेच्या अधिक जवळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभारला. सफाईच्या कामास सेवेचे मोठेपण देण्यावर त्यांनी कडाडून टीका केली. जन्मामुळे ज्याच्या गळ्यात हे काम बांधले गेले आहे त्याला ते पवित्र आहे असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आम्हांस बरोबर वाटतो. विनोबा सुरगावास गेले ते स्वखुशीने, आणि एक दिवस थांबू शकत होते. ज्याच्या बापानेही तेच केले त्याला थांबण्याची सोय नव्हती. तरीही आश्रमाच्या नियमात जी एक गोष्ट होती ती आम्ही टाकून देऊ इच्छित नाही. तो नियम झाडणाऱ्याला उपदेश करीत नव्हता, घरधन्याला करीत होता. तुझ्या घरातून जे पाणी बाहेर जाते ते तुझे आहे, एवढेच तो सांगत होता.

हेच प्रकरण लंडनमध्ये कसे घडले ते पाहण्याजोगे आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस तेथील सोहो भागात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पटकीची भयंकर साथ आली आणि सुमारे ६०० माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे मोजून दोष रस्त्यावरच्या सार्वजनिक पंपाचा आहे असे दाखविले, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. शाळेतल्या पुस्तकात गोष्ट येथे संपते. परंतु पंपाच्या विहिरीत विष आले कोठून? ते शोधले हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याने, घरोघर हिंडून. पंपाला लागूनच ४० नंबरचे घर होते. तेथील एक तान्हे मूल साथीच्या आरंभीच आजारी पडून गेले होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले गेले होते. १८५५ साली खड्डा उकरला तेव्हा त्याच्या आणि मोरीच्या विटा सुटलेल्या आढळल्या, आणि तेथून विहीर तीन फुटांच्याही आत होती. म्हणजे एवढा अनर्थ घडला तो एका घराच्या न सांधलेल्या विटांतून. पंपाचा दांडा जगप्रसिद्ध झाला. विटांची आठवण कोणास नाही. असे गवंडीकाम वेळेवर झाले असते तर त्याचाही इतिहास झाला नसता, ही या कामाची अडचण आहे.

आपल्याकडे नळ आला तो प्रथम मोठ्या शहरांत. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी आले, नागपुरास १८७० च्या सुमारास अंबाझरीचे. लहान गावांत घरोघर नळ पोहोचावयास आणखी शंभर वर्षे आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक लागली. विहिरीवरून घागरी वाहणाऱ्या बायांची मान मोकळी झाली, हे या नळाचे मोठे उपकार आहेत, आणि जुन्या विहिरीचे गोडवे गाणाऱ्यांनी ते विसरू नये. परंतु नळाबरोबर एक विसरही घरात आला. विहीर दिसत होती. नळ जमिनीखाली गेला. कवेलू सरकला तर अंगावर पाणी पडे. नळाचा सांधा सुटला तर पाणी दुसऱ्याच्या अंगणात मुरते. घरधन्याची समजूत अशी झाली की तोटीच्या अलीकडचे सगळे सरकारचे.

ती चुकीची आहे. रस्त्यातून जो मोठा नळ जातो तो नगरपालिकेचा. त्याला भोक पाडून पितळी फेरूल बसवतात, आणि त्या फेरूलपासून घरापर्यंत येणारा बारीक नळ सामान्यतः घरमालकाच्या खर्चाने टाकला जातो व त्यानेच राखावयाचा असतो. जोडणीच्या अर्जावर तसे छापलेले असते आणि खाली त्याची सही असते. अर्ज वाचून सही करणारा घरमालक आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

२००६ सालच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका नगरपालिकेच्या गावी एका वस्तीत काविळीची साथ आली. कावीळ पाण्यातून पसरते हे आपल्या देशाने १९५५-५६ च्या दिल्लीच्या साथीत फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. तेव्हा यमुनेच्या पाण्यात नाल्याचे पाणी मिसळून सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली होती. येथे माणसे थोडी, पण घरे तीच, मुले तीच. ओरड झाली, मोर्चा आला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसास कामावरून काढले. त्याने औषध टाकले नाही, असा आरोप. तो आमच्या संघाचा सभासद. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ओसरीवर बसून होता. म्हणाला, "भाऊ, नळ त्याइचा, नाली त्याइची, अन् मेमो मले."

हे वाक्य आम्ही तक्रार समजून ऐकले. तो तपास होता. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्या वस्तीत गल्ली गल्ली हिंडलो. तेथे घरोघरच्या जोडणीचे नळ नालीतूनच नेलेले होते. खोदाई वाचावी म्हणून मिस्त्री तसे करतात आणि मालकाचे दोन पैसे वाचतात. लोखंडी नळ सांडपाण्यात बारमाही बुडालेला; वरचा जस्ताचा मुलामा केव्हाच गेला होता आणि गंजाने टाचणीएवढी भोके पडली होती. काही ठिकाणी भोकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तार आवळलेली होती. आता यात गंमत अशी की, नळाला पाणी असते तेव्हा ते भोकातून बाहेर जाते, आत काही येत नाही. परंतु आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दीड तास येते. ते बंद झाले की नळ रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि बाहेर जे असेल ते भोकातून आत येते. उन्हाळ्यात नाली अर्धी कोरडी असते, म्हणून वैशाखभर काही झाले नाही. मृगाच्या पावसाने नाली काठोकाठ भरली, नळ तिच्यात बुडाले, आणि पंधरवड्या-महिन्याने डोळे पिवळे झाले. मोठ्या नळात औषध पुरेसे होते. घाण घरच्या नळात शिरत होती.

आम्ही एका घराच्या मालकास बोलावून तो नळ दाखविला. शिकलेला, सज्जन गृहस्थ. त्याच्याच मुलीला कावीळ झालेली. तो बराच वेळ नालीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "पण हे पाहायचं काम कोणाचं?" त्याच्या अर्जाची प्रत आमच्या खिशात होती. मुलगी आजारी असलेल्या बापापुढे ती काढावयास हात झाला नाही, म्हणून तशीच राहिली.

ती प्रत पुढे चौकशीत कामास आली. आमच्या माणसाला परत घेतले, पण मधल्या पाच महिन्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. नळ मात्र दोन वर्षे नालीतच राहिले.

याच ऋतूत दुसरा एक प्रकार घडतो, तो याहून वाईट. ज्येष्ठ लागला की संघाच्या कचेरीत लोक येतात : संडासाची टाकी भरली, एक माणूस पाठवा. टाकी वर्षानुवर्षे उपसलेली नसते. पुष्कळ घरांत गच्चीवरचे पावसाचे पाणी वाहून नेणारा नळही त्याच टाकीत सोडलेला असतो, कारण तो जवळ पडतो. पहिल्या मोठ्या पावसात टाकी उलटी चढते. मग माणूस आत उतरवावयाचा. आत जो वायू साठलेला असतो त्याने दोन श्वासांत माणूस पडतो, आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही पडतो. माणसाकडून हाताने मैला साफ करविण्याविरुद्ध १९९३ साली पहिला आणि २०१३ साली दुसरा कायदा झाला. अशा मृत्यूबद्दल वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. आम्ही येणाऱ्या गृहस्थास हे सांगतो, यंत्राची गाडी बोलवा म्हणतो. काही जण ऐकतात. काही जण चौकातल्या एखाद्या मजुराला पाचशे रुपये देऊन काम उरकतात.

म्हणून २००८ सालापासून आमच्या संघाने एक लहानसा उद्योग सुरू केला. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत दर रविवारी आमचे दोन-तीन जाणकार सभासद एकेका गल्लीत जातात. घरमालकाने बोलावले तर त्याच्याबरोबर फेरूलपासून तोटीपर्यंत त्याच्या नळाच्या वाटेने चालतात. सांधा कोठे आहे, गंज किती, वरच्या टाकीचा गाळ केव्हा काढला होता, टाकीचे झाकण बसते की नाही, बॉलकॉक अडकतो का, तोटीचे वायसर झिजले का, गच्चीचे पाणी कोठे सोडले आहे, हे दाखवितात. पैसे घेत नाहीत. अट एकच : नालीवरची फरशी घरमालकाने स्वतः उचलावयाची आणि स्वतः वाकून पाहावयाचे. आमचा सभासद शेजारी उभा राहील, हात लावणार नाही.

पहिल्या वर्षी या अटीमुळे फार थोडे लोक आले. एका गृहस्थाने गड्याला पुढे केले, तेव्हा आमची मंडळी नमस्कार करून परत फिरली; त्यावरून गावात आम्हांस शिष्ट म्हटले गेले. एक निवृत्त शिक्षक मात्र धोतराचा काचा मारून आले, फरशी उचलली, आणि आत पाहून नळाला नव्हे तर स्वतःला दोन कडक शब्द बोलले. त्यांच्या घरातल्या बाईंनी त्या संध्याकाळी आमच्या त्याच जुन्या सभासदाला, ज्याला २००६ साली काढले होते, ओसरीवर बसवून चहा दिला. त्याने आम्हांस हे दोनदा सांगितले. चहाचे नव्हे, ओसरीचे.

तो आता थकला आहे, पण रविवारी येतो. यंदा आमच्या यादीत ३१ घरे होती. फरशी उचलावयास १९ जण स्वतः आले.